लॉक झालेल्या ऑब्जेक्टमुळे रखडणारा बॅकअप : आयबीएम आय सर्व्हरवर चेकपॉइंटच येत नाही

दुपारची रात्रपाळी (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार. अमेरिकेतील एका घाऊक वितरकाचा आयबीएम आय सर्व्हर पुण्यातून सांभाळणाऱ्या चमूत मी काम करतो. या यंत्रणेचे अधिकृत नाव २००८ साली बदलले असले, तरी आमच्या मजल्यावर तिला अजूनही सगळे एएस/४००च म्हणतात. तिथला बॅकअप त्यांच्या मध्यवर्ती वेळेप्रमाणे रात्री एक वाजता सुरू होतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा आणि हिवाळ्यात दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. थोडक्यात, त्यांची रात्रपाळी आम्ही दुपारी करतो.

रचना अशी आहे. एक सीएल (या सर्व्हरच्या आज्ञांची भाषा) प्रोग्रॅम आधी क्यूइंटर ही सबसिस्टिम, म्हणजे वापरकर्त्यांचे जॉब जिथे चालतात तो विभाग, बंद करतो, मग चौदा लायब्ररींसाठी (फाइल, प्रोग्रॅम अशी ‘ऑब्जेक्ट’ ठेवण्याच्या कप्प्यांसाठी) सेव्हलिब ही बॅकअपची आज्ञा चालवतो. त्यात ‘सेव्ह व्हाइल ॲक्टिव्ह’साठी (काम चालू असतानाच्या बॅकअपसाठी) सिंकलिब हा पर्याय दिलेला आहे, म्हणजे चौदाही लायब्ररी एकाच क्षणाच्या स्थितीत टेपवर जाव्यात. चेकपॉइंट (ती स्थिती पक्की पकडली जाणे) पूर्ण झाल्याचा संदेश मेसेज क्यूवर (संदेशांच्या रांगेत) आला की प्रोग्रॅम क्यूइंटर पुन्हा सुरू करतो आणि वापरकर्ते आत येऊ शकतात, टेपवर लिहिण्याचे काम मागे चालू राहते. पूर्वी हा चेकपॉइंट दहा मिनिटांत मिळत असे. गेले दोन महिने तो ८६ मिनिटांच्या आत एकदाही मिळालेला नाही, आणि महिनाअखेरीच्या आठवड्यात तर अडीच तास लागले. गेल्या गुरुवारी गोदामातील पहाटेची पाळी कामावर आली तेव्हा साइन-ऑनचा पडदाच बंद होता, आणि त्याबद्दल मला फोनवर जे ऐकावे लागले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

टेपवर लिहिण्याचा वेळ मात्र पूर्वीइतकाच, सुमारे पन्नास मिनिटे आहे, त्यामुळे टेप ड्राइव्हवर माझा संशय नाही. लॉक (एखाद्या जॉबने, म्हणजे चालू कामाने, ऑब्जेक्टवर ठेवलेला ताबा) सुटण्याची वाट पाहण्यातच वेळ जातो आहे, हे जॉब लॉगवरून दिसते. प्रतीक्षेची मुदत वाढवावी, कमी करावी की लॉक धरणारे जॉब सरळ बंद करावेत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

हिरवा पडदा (सोमवार, रात्री १०:०२)

मुदत वाढवायची की कमी करायची हे ठरवण्याआधी ती मुदत नेमकी कशाची आहे ते पाहू. सेव्हच्या आज्ञेतील सेव्ह-ॲक्टिव्ह-वेट या पॅरामीटरचे तीन घटक असतात. पहिला ऑब्जेक्टच्या लॉकसाठी, दुसरा डेटाबेसच्या अपूर्ण व्यवहारांतील रेकॉर्डच्या बदलांसाठी आणि तिसरा इतर अपूर्ण बदलांसाठी. पहिल्याचे मूळ मूल्य १२० सेकंद असते आणि उरलेले दोन काही न सांगितल्यास त्याचाच कित्ता गिरवतात. तुमच्या प्रोग्रॅममध्ये या तिघांना काय दिले आहे, ते आधी कळवा.

दुसरे म्हणजे, पहिल्या घटकाचे १२० सेकंद हे संपूर्ण बॅकअपसाठी नसतात. वापरात सापडलेल्या प्रत्येक ऑब्जेक्टसाठी ते स्वतंत्रपणे मोजले जातात. ही गोष्ट नियमपुस्तिकेत लिहिलेली असली तरी वाचताना डोळ्यांखालून निसटते, आणि ‘दोनच मिनिटे तर थांबायचे आहे’ अशी समजूत करून घेऊन माणूस निर्धास्त होतो.

आता तुमच्या आकड्याकडे पाहा. अडीच तास कधीकधी लागतात, पण ८६ मिनिटे रोज लागतात. ज्या विलंबाला असा पक्का तळ असतो, त्याच्यामागे सहसा ठरावीक संख्येने अडणाऱ्या वस्तू असतात. ८६ मधून नेहमीची दहा मिनिटे वजा केली की ७६ उरतात, आणि दर ऑब्जेक्टला दोन मिनिटे धरली तर ३८ ऑब्जेक्ट होतात. तुमच्याकडे ३८ असे काय आहे?

दुपारची रात्रपाळी (सोमवार, रात्री १०:३१)

काका, तुमचा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. गोदामात दोन महिन्यांपूर्वी हातात धरायचे नवे स्कॅनर आले, आणि ते बरोबर ३८ आहेत.

तिन्ही घटकांची मूल्येही पाहून आलो. पहिला १२०, दुसरा नोमॅक्स (अमर्याद वाट) आणि तिसरा लॉकवेट (पहिल्याइतकाच). दुसऱ्याला नोमॅक्स कोणी आणि का दिले, हे प्रोग्रॅममधील टिपेत लिहिलेले नाही, फक्त तीन वर्षांपूर्वीची तारीख आहे. सेव्हलिबच्या खालच्याच ओळीत सीपीएफ ०००० साठी, म्हणजे सीपीएफने सुरू होणाऱ्या सगळ्या संदेशांसाठी, मॉनमेसेजही (चुकांचे संदेश पकडणारी आज्ञा) लावून ठेवलेला आहे.

सीएलवाली (सोमवार, रात्री ११:१५)

त्या दोन ओळी एकमेकींशेजारी असणे हा योगायोग नसावा. कोणीतरी कधीतरी, व्यवहार पूर्ण न झाल्यामुळे बॅकअप फसतो म्हणून दुसऱ्या घटकाची मुदत अमर्याद केली असेल, आणि तरीही सकाळी चुकांचे संदेश दिसत राहिले म्हणून सगळे संदेश गिळणारा मॉनमेसेज लावला असेल. असा मॉनमेसेज सीपीएफ ३७७१ म्हणजे ‘काही ऑब्जेक्ट सेव्ह झाले नाहीत’ आणि सीपीएफ ३७७७ म्हणजे ‘काही लायब्ररी अर्धवट राहिल्या’ हे दोन्ही संदेश मुकाट्याने पचवतो. तेव्हा विलंबाआधी एक वेगळी काळजी करा. त्या ३८ ऑब्जेक्टसाठी ७६ मिनिटे थांबूनही ते टेपवर गेलेले नसणार, कारण मुदत संपली की सेव्ह त्यांना सोडून पुढे जाते. एवढा वेळ खर्चून हाती काहीच आलेले नाही.

आता नोमॅक्सबद्दल. सिंकलिबमध्ये चौदाही लायब्ररींचा चेकपॉइंट एकत्र घेतला जातो, म्हणून त्यांतल्या कुठल्याही एका फाइलवर कोणाचा एक कमिट (पक्का) न केलेला बदल उरला असेल, तरी तो व्यवहार कमिट किंवा रोलबॅक होईपर्यंत (पक्का होईपर्यंत किंवा मागे घेतला जाईपर्यंत) सगळ्यांनाच थांबावे लागते. या काळात कमिटच्या सीमेपर्यंत पोहोचलेले इतर जॉबही सिस्टिम तिथेच रोखून धरते, जेणेकरून कोणाचा अर्धा व्यवहार टेपवर जाऊ नये. तुमचे वेबचे ग्राहक असतील तर तेही अडकत असणार. उद्या बॅकअप थांबलेला असताना सक्रिय जॉबचा पडदा उघडा आणि स्थितीच्या रकान्यात सीएमटीडब्ल्यू दिसते का ते पाहा. दिसले, तर तिथे कमिटची वाट पाहिली जाते आहे असे समजा.

नवशिक्या ऑपरेटर (मंगळवार, सकाळी ८:२०)

मी या क्षेत्रात नवा आहे, चुकलो तर सांभाळून घ्यावे. तिन्ही घटकांना शून्य दिले आणि बॅकअपच्या पाच मिनिटे आधी लॉक धरणारे सर्व जॉब तत्काळ बंद करणारा प्रोग्रॅम लावला, तर हा प्रश्न एका दिवसात सुटणार नाही का?

हिरवा पडदा (मंगळवार, सकाळी ९:०५)

विलंब सुटेल, पण सोबत दुसरे काही सुटेल. पहिल्या घटकाला शून्य दिल्यावर एखाद्या जॉबने अर्ध्या सेकंदासाठी धरलेला लॉकही त्या ऑब्जेक्टला बॅकअपमधून बाहेर काढतो. कुठलेही ऑब्जेक्ट क्षणभर लॉक होणे हे चालत्या सर्व्हरचे नित्याचे लक्षण आहे, म्हणून मी स्वतः शून्यापेक्षा दहा-पंधरा सेकंद बरे समजतो. अर्थात हे माझे मत आहे, नियम नव्हे.

जॉब तत्काळ बंद करण्याबद्दल सांगायचे, तर ज्या जॉबने कमिट न करता एक लाख रेकॉर्ड बदलले आहेत, तो बंद करताच सिस्टिम ते एक लाख बदल मागे घेऊ लागते, आणि तो रोलबॅक पूर्ण होईपर्यंत लॉक सुटत नाहीत. तुमचा बॅकअप तेवढाच थांबतो, शिवाय कोणाचे तरी रात्रीचे काम वाया जाते. अशा वेळी अधीर होऊन असामान्यरीत्या जॉब संपवण्याची आज्ञा तर मुळीच देऊ नये. ती तत्काळ बंद करण्याच्या आज्ञेनंतर दहा मिनिटे उलटल्याशिवाय चालतच नाही, आणि चालली की पुढच्या वेळी सर्व्हर बंद होणे असामान्य म्हणून नोंदले जाते. मग सुरू होतानाच्या तपासण्यांत जाणारा वेळ पाहता, आधीचा विलंब बरा होता असे वाटेल.

दुपारची रात्रपाळी (मंगळवार, दुपारी ३:४०)

आज दुपारभर पडद्यासमोर बसून होतो. जे दिसले ते क्रमाने लिहितो.

बॅकअप सुरू झाल्यावर वर्क-ऑब्जेक्ट-लॉक ही लॉक दाखवणारी आज्ञा वापरून गोदामाच्या लायब्ररीतील डेटा एरिया (थोडीशी माहिती ठेवणारी ऑब्जेक्ट) तपासल्या. प्रत्येक स्कॅनरसाठी एक डेटा एरिया आहे, आणि एकाच स्कॅनरवर दोघांनी साइन-ऑन करू नये म्हणून गोदामाचा जुना प्रोग्रॅम त्या डेटा एरियावर ‘एक्सक्लुझिव्ह’ लॉक घेतो आणि साइन-ऑफ होईपर्यंत सोडत नाही. पूर्वीचे स्कॅनर क्यूइंटरमध्ये चालत असत, त्यामुळे क्यूइंटर बंद झाली की लॉक आपोआप सुटत. नव्या स्कॅनरसाठी कोणीतरी वेगळी सबसिस्टिम केली आणि बॅकअपच्या प्रोग्रॅमला ते कोणी कळवले नाही. रात्री सगळे स्कॅनर चार्जरवर ठेवलेले असतात, पण साइन-ऑन तसेच राहते. काकांचा ३८ चा आकडा अगदी शब्दशः खरा निघाला.

एवढे झाल्यावर ७६ मिनिटांचा हिशेब लागला, पण आज चेकपॉइंटला १२८ मिनिटे लागली. उरलेल्या वेळात ताईंनी सांगितल्याप्रमाणे सक्रिय जॉबचा पडदा पाहिला, तर वेब पोर्टलचे अकरा जॉब सीएमटीडब्ल्यूमध्ये उभे होते. मग वर्क-कमिट-डेफिनिशन चालवून अपूर्ण व्यवहार कोणाचा आहे ते शोधले. मिळाले ते क्यूझेडडासोइनिट नावाचा जॉब आणि त्यापुढे क्यूयूझर हा वापरकर्ता. इथे मी अडलो, कारण बाहेरून येणारे डेटाबेसचे सगळेच जॉब याच नावाने दिसतात.

सीएलवाली (मंगळवार, दुपारी ४:०५)

त्या जॉबच्या तपशिलात शिरून ‘सध्याचा वापरकर्ता’ ही नोंद पाहा. हे जॉब आधीपासून चालू करून ठेवलेले असतात आणि जोडणी येईल तशी त्या त्या माणसाची ओळख धारण करतात, म्हणून जॉबच्या नावात क्यूयूझर दिसतो. जॉब लॉगमध्ये कोणत्या आयपी पत्त्यावरून जोडणी आली तेही मिळते.

दुपारची रात्रपाळी (मंगळवार, सायंकाळी ५:५०)

पाहिले. सध्याचा वापरकर्ता आमच्याच चमूतला निघाला आणि आयपी पत्ता आमच्याच मजल्यावरचा.

थोडे स्पष्टीकरण देणे भाग आहे. गेल्या काही महिन्यांपासून महिनाअखेरीच्या डेटा दुरुस्तीसाठी आमच्या दोघांना उत्पादन सर्व्हरवर एसक्यूएल चालवण्याची परवानगी मिळाली आहे. त्यांपैकी एक मी. सकाळी अकराच्या सुमारास एका ऑर्डरच्या रेकॉर्डमध्ये बदल करायचा, तो नीट झाला का हे पडताळण्यासाठी सेशन उघडे ठेवायचे, आणि कमिट करण्याआधी ग्राहकाच्या माणसाकडून होकार येण्याची वाट पाहायची, अशी आमची पद्धत आहे. तिकडे मध्यरात्र असल्यामुळे तो होकार यायला वेळ लागतो. मधल्या काळात आम्ही जेवायला जातो. परत येऊन लॅपटॉप उघडतो, होकार आलेला असतो, कमिट करतो, आणि त्याच क्षणी बिचारा बॅकअप मोकळा होतो. मागच्या दोन महिन्यांचे जॉब लॉग आणि आमच्या दुरुस्त्यांची नोंदवही शेजारी ठेवून पाहिली, तर ८६ मिनिटांपेक्षा जास्त लागलेल्या प्रत्येक दिवशी आमच्यापैकी एकाची दुरुस्ती उघडी होती. गेल्या गुरुवारची माझी होती.

टेपवाला (मंगळवार, सायंकाळी ७:१२)

प्रामाणिकपणे लिहिलेत हे बरे केलेत. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा लॉक धरून बसणारा हा बॅकअपची चौकशी करणाऱ्याच्या शेजारीच बसलेला असतो.

एक सूचना करतो. दुसऱ्या घटकाला ‘नो-कमिट-बाउंडरी’ हा पर्याय देता येतो. ही सोय व्ही५आर३ या आवृत्तीपासून आली. तो दिल्यास सेव्ह अपूर्ण व्यवहारांसाठी थांबत नाही, जे आहे ते अर्धवट व्यवहारासह टेपवर घेते आणि पुढे जाते. आमच्याकडे एका रात्रभर चालणाऱ्या मोठ्या बॅचमुळे कमिटची सीमा कधीच सापडत नसे, तेव्हा हाच उपाय लागू पडला.

जर्नलप्रेमी (मंगळवार, रात्री ८:४५)

टेपवाले साहेब, उपाय खरा आहे, पण त्याची किंमत सांगितल्याशिवाय कोणाला देऊ नये असे मला वाटते. अर्धवट व्यवहारासह सेव्ह झालेली फाइल परत आणली, की ती लगेच वापरता येत नाही. तिच्यावर जर्नलमधले (बदलांच्या नोंदवहीतले) बदल लावून व्यवहार पुरा करावा लागतो किंवा मागे घ्यावा लागतो, आणि त्यासाठी त्या काळातले जर्नल रिसीव्हर (त्या नोंदी साठवणारी ऑब्जेक्ट) हाताशी असावे लागतात. ज्यांच्याकडे रिसीव्हर नियमाने सेव्ह होतात, जपून ठेवले जातात आणि परत आणण्याचा सराव झालेला आहे, त्यांना हा पर्याय शोभतो. इथे तर ज्या प्रोग्रॅमने सीपीएफ ३७७१ देखील लपवून ठेवला, त्याच्या भरवशावर आणीबाणीच्या पहाटे जर्नल लावत बसण्याची वेळ आणू नये.

शिवाय दुपारची रात्रपाळी यांची अडचण मोठ्या बॅचची नाही. एका माणसाने एक रेकॉर्ड बदलून जेवायला जाणे ही शिस्तीची बाब आहे, तिच्यासाठी बॅकअपचा प्रकारच बदलणे म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणे होय.

टेपवाला (मंगळवार, रात्री ९:००)

मान्य. आमच्याकडे रिसीव्हर दर दोन तासांनी वेगळे सेव्ह होतात, ते लिहायचे राहून गेले.

नवशिक्या ऑपरेटर (बुधवार, सकाळी ८:१०)

एक मूलभूत शंका विचारतो. ‘सेव्ह व्हाइल ॲक्टिव्ह’ म्हणजे काम चालू असतानाचा बॅकअप, मग त्याला लॉकची अडचण यावीच का?

हिरवा पडदा (बुधवार, सकाळी ९:४०)

शंका मूलभूत असली तरी योग्य आहे, म्हणून सविस्तर लिहितो. या सर्व्हरवर लॉकच्या पाच पायऱ्या आहेत. सर्वांत कडक तो एक्सक्लुझिव्ह, ज्यात दुसऱ्या कोणालाही शिरकाव नाही. मग एक्सक्लुझिव्ह पण वाचू देणारा, मग सामायिक बदलाचा, मग सामायिक पण बदल न करू देणारा, आणि सर्वांत सौम्य तो सामायिक वाचनाचा. साधा सेव्ह डेटाबेसच्या फाइलवर ‘सामायिक, पण बदल नको’ असा लॉक मागतो. एखाद्या जॉबने ती फाइल बदलासाठी उघडलेली असेल तर या दोघांचे जमत नाही, म्हणून सगळ्यांना बाहेर काढल्याशिवाय साधा सेव्ह नीट होत नाही.

सेव्ह व्हाइल ॲक्टिव्ह मात्र चेकपॉइंट मिळेपर्यंत फक्त सामायिक वाचनाचा लॉक मागतो. बदलासाठी उघडलेल्या फाइलशी त्याचे भांडण होत नाही. चेकपॉइंटच्या क्षणी ऑब्जेक्टची जी स्थिती असते तिची प्रतिमा सिस्टिम धरून ठेवते. त्यानंतर कोणी एखादे पान बदलले तर जुने पान बाजूला जपले जाते आणि टेपवर तेच जाते. म्हणून काम चालू राहू शकते. पण सामायिक वाचनाचेही एक्सक्लुझिव्हशी जमत नाही. त्यामुळे उरतात ती दोन कारणे. एक, कोणी धरलेला एक्सक्लुझिव्ह लॉक, जसे या स्कॅनरच्या डेटा एरिया किंवा एखादी फाइल रिकामी करणारी, तिची पुनर्रचना करणारी बॅच. आणि दुसरे, अपूर्ण व्यवहार. डेटाबेसच्या बाबतीत जवळजवळ सगळा खोळंबा या दोन घरांत येतो. इतर काही प्रकारच्या ऑब्जेक्टना यापेक्षा कडक लॉक लागतो, ते तूर्त बाजूला ठेवू.

जाता जाता एक सूचना. वर्क-ऑब्जेक्ट-लॉक मूळ मूल्यांसह चालवल्यास फाइलचे लॉक दिसतात, पण तिच्या मेंबरचे (ज्यात प्रत्यक्ष डेटा असतो त्या भागाचे) दिसत नाहीत. नवीन माणूस फाइलवर फक्त सामायिक वाचन पाहून ‘इथे तर काही नाही’ म्हणतो आणि पुढे जातो, आणि खरा लॉक मेंबरच्या डेटावर असतो. एसक्यूएलची सवय असेल तर क्यूसिस-टू या लायब्ररीमधील ऑब्जेक्ट-लॉक-इन्फो या व्ह्यूवर एकच प्रश्न विचारून संपूर्ण लायब्ररीचे लॉक, ते कोणत्या स्थितीत आहेत आणि कोणत्या जॉबचे आहेत, हे एकत्र काढता येते. बॅकअप सुरू होण्याआधी पाच मिनिटे ती यादी एका टेबलात साठवून ठेवण्याची सवय लावून घ्या. सकाळी तर्क लढवावे लागत नाहीत.

दुपारची रात्रपाळी (बुधवार, रात्री ८:३०)

आज ग्राहकाच्या व्यवस्थापकांशी बोलून पुढील बदल ठरवले. आणखी काही दोष दिसत असतील तर कृपया आत्ताच सांगावेत, कारण शुक्रवारी हे चालू करायचे आहे.

स्कॅनरची सबसिस्टिम क्यूइंटरसोबतच, नियंत्रित पद्धतीने दहा मिनिटांची मुदत देऊन बंद होईल आणि चेकपॉइंटनंतर पुन्हा सुरू होईल. त्या ३८ डेटा एरियांत टिकवण्याजोगे काही नसल्यामुळे त्या सेव्हमधून वगळल्या जातील. पहिला घटक १५ सेकंद राहील. दुसऱ्याचा नोमॅक्स काढून ३०० सेकंद देऊ. बॅकअपच्या वीस मिनिटे आधी एक छोटा प्रोग्रॅम अपूर्ण व्यवहारांची यादी काढून ज्याचा त्याला निरोप पाठवील, आणि आमच्या एसक्यूएलच्या दुरुस्त्या सकाळी साडेदहानंतर सुरू होणार नाहीत. मॉनमेसेज फक्त सीपीएफ ३७७१ आणि ३७७७ साठी राहील, आणि ते आल्यास सेव्ह न झालेल्या ऑब्जेक्टची यादी आउटफाइलमधून (सेव्हचा निकाल जिच्यात लिहिला जातो त्या फाइलमधून) आम्हाला मेलने येईल.

सीएलवाली (बुधवार, रात्री ९:२५)

दोन ठिकाणी थांबायला सांगते. पहिले, ३०० सेकंदांत कमिटची सीमा मिळाली नाही तर तो गट त्या रात्री सेव्ह होणार नाही, आणि सिंकलिबमध्ये गट म्हणजे जवळजवळ सगळेच. म्हणून प्रोग्रॅमने अशा वेळी अपूर्ण व्यवहाराची नोंद घेऊन पंधरा मिनिटांनी एकदा, फक्त एकदाच, पुन्हा प्रयत्न करावा.

दुसरे याहून महत्त्वाचे आहे. तुमचा प्रोग्रॅम चेकपॉइंटचा संदेश आल्यावरच क्यूइंटर सुरू करतो. सेव्ह मध्येच फसली तर तो संदेश कधी येणारच नाही, आणि पहाटेची पाळी पुन्हा बंद पडद्यासमोर उभी राहील. तेव्हा संदेशाची वाट पाहताना मुदत ठेवा, आणि सेव्हचा जॉब संपला असेल तर कारण काहीही असो, सबसिस्टिम सुरू झाल्याच पाहिजेत. बीआरएमएस हे आयबीएमचे बॅकअप सॉफ्टवेअर वापरत असता तर कंट्रोल ग्रुपमध्ये (बॅकअपच्या कामांच्या यादीत) एक्झिट म्हणून मॉन-एसडब्ल्यूए-बीआरएम ही आज्ञा देऊन चेकपॉइंटवर लक्ष ठेवण्याचे काम तिच्याकडे सोपवता आले असते. हाताने लिहिलेल्या सीएलमध्ये तो विचार आपणच करावा लागतो.

जर्नलप्रेमी (बुधवार, रात्री १०:१०)

आउटफाइलसाठी माहितीचा प्रकार ‘एरर’ ठेवा, म्हणजे सेव्ह न झालेल्यांच्या नोंदी मिळतील. आणि पहिल्या काही रात्री क्यूयूझरसिस या लायब्ररीतल्या वापरकर्त्यांच्या मेसेज क्यू यादीत आल्या तर घाबरू नका. जो कोणी साइन-ऑन असतो त्याची मेसेज क्यू लॉक असते. त्या परत कधी लागणार नाहीत असे ग्राहकाने लेखी दिले तर त्याही वगळा, नाहीतर रोज येणाऱ्या त्या चाळीस ओळींच्या गर्दीत खरी हरवलेली फाइल कोणाच्या लक्षात येणार नाही.

टेपवाला (गुरुवार, सकाळी ७:५०)

ग्राहकाकडे डिस्कची प्रत काढण्याची सोय किंवा दुसरा सर्व्हर असेल तर तोही विचार व्हावा. प्रतीवरून टेप घेतली की मूळ सर्व्हरवर थांबावे लागत नाही.

हिरवा पडदा (गुरुवार, सकाळी ८:३५)

विचार जरूर व्हावा, परंतु त्या वाटेवरही अपूर्ण व्यवहार पाठ सोडत नाहीत. प्रत काढण्याआधी चेंज-एएसपी-ॲक्टिव्हिटी आज्ञेने डेटाबेसचे व्यवहार क्षणभर स्थगित करावे लागतात, आणि तिथेही स्थगितीला मुदत द्यावीच लागते. एखादा व्यवहार त्या मुदतीत सीमेवर आला नाही, तर तसेच पुढे जायचे की प्रत काढणे रद्द करायचे, हा निर्णय पुन्हा आपल्याकडेच येतो. जेवायला गेलेला माणूस तिथेही जेवायलाच गेलेला असतो.

दुपारची रात्रपाळी (रविवार, सायंकाळी ६:२०)

शुक्रवारी बदल चालू केले. ताईंच्या दोन्ही सूचना घेतल्या. पहिल्याच रात्री चेकपॉइंट अकरा मिनिटांत मिळाला. निरोप पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने बॅकअपआधी एक अपूर्ण व्यवहार पकडला. तो वेब पोर्टलच्या देखभालीच्या एका जॉबचा होता आणि दोन मिनिटांत आपणहून पूर्ण झाला.

शनिवारी आमच्या चाचणीच्या पार्टिशनवर (सर्व्हरच्या वेगळ्या विभागावर) ती टेप परत आणून पाहिली. आउटफाइलमध्ये मेसेज क्यू सोडून एकच नाव होते. गोदामाच्या लायब्ररीतील एक वर्क फाइल, जी एक बॅच रोज रात्री सव्वा वाजता रिकामी करते. ती बॅच आता अडीचला हलवली आहे. वगळलेल्या डेटा एरिया चाचणीच्या पार्टिशनवर अर्थातच नव्हत्या, पण पहिल्या साइन-ऑनला गोदामाच्या प्रोग्रॅमने स्वतःहून नवी तयार केली, म्हणजे ती शंकाही मिटली.

आता एकच गोष्ट उरली आहे. नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे मागे गेली की त्यांचा रात्रीचा एक म्हणजे आपले साडेबारा होतील, त्यामुळे साडेदहाची आमची मर्यादा साडेअकरावर न्यावी की तशीच ठेवावी?

सीएलवाली (रविवार, सायंकाळी ७:०५)

तशीच ठेवा. जेवणाची वेळ बदलणार नाही.